चिमणीखालचा माणूस

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. तिसऱ्या वर्षाच्या मेकॅनिकलच्या सेमिनारसाठी मला विषय मिळाला, जुन्या कारखान्याचं राहत्या घरांत रूपांतर. डक्ट, पाइप आणि पंप यांची आकडेमोड केली की सुटलो, असं वाटलं होतं. पण त्या आकड्यांमागून एक म्हातारा बाहेर आला आणि डोक्यातून जाईना. त्याचं नाव सॅम्युअल कन्लिफ लिस्टर.

लिस्टर 1815 साली इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात जन्मला. घर श्रीमंत. त्याने पाद्री व्हावं अशी घरच्यांची इच्छा होती, पण पठ्ठ्याला यंत्रांचं वेड! शेवटी वडिलांनीच ब्रॅडफर्डजवळ मॅनिंगहॅमला मुलांसाठी लोकरीची गिरणी उभी करून दिली.

तेव्हा लोकर हाताने विंचरायचे. हजारो कामगार घरातच कोळशावर लोखंडी फण्या तापवून दिवसभर त्या धुरात काम करत. लिस्टरने डॉनिस्थॉर्प नावाच्या संशोधकाचं यंत्र विकत घेतलं, त्याच्यासोबत ते सुधारलं आणि यंत्राने लोकर विंचरून दाखवली. अमाप पैसा आला. हाताने विंचरणाऱ्यांचा धंदा मात्र काही वर्षांत संपला. शोध नेमका कोणाचा, यावरून आयझॅक होल्डनशी त्याचं भांडण पुढे आयुष्यभर चाललं. रेल्वेसाठी हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंटसुद्धा त्याने 1848 मध्ये घेतलं होतं. हे वाचून मी उडालेच!

मग त्याला लंडनच्या एका गोदामात रेशमाचा टाकाऊ चोथा दिसला. कोणी विचारत नव्हतं, म्हणून त्याने तो पौंडाला अर्धा पेनी दराने उचलला. त्यातून सूत काढायच्या नादात त्याची बरीचशी संपत्ती बुडाली, लोकांनी वेड्यात काढलं. पण गडी हटला नाही. शेवटी त्याच कचऱ्यातून रेशीम आणि मखमल निघू लागली.

1871 मध्ये जुनी गिरणी जळाली. त्याने 1873 पर्यंत त्याच जागी नवी उभी केली. इटालियन थाटाची दगडी इमारत आणि 249 फूट उंच चिमणी. तिला लोक ‘लिस्टरचा अभिमान’ म्हणू लागले. सगळे मजले मिळून 27 एकर जागा, भरभराटीच्या काळात 11,000 कामगार. बॉयलर आठवड्याला 1,000 टन कोळसा खायचे.

इथपर्यंत तो माझा हिरो होता. मग आला 1890चा डिसेंबर. अमेरिकेने आयातकर वाढवला, मखमलीचा खप पडला आणि कंपनीने पगार कापले, काहींचे तर पाव हिश्शाने. हजारो कामगार संपावर गेले, त्यात बायका आणि मुली भरपूर. जवळजवळ 5 महिने, ऐन थंडीत. एप्रिलमध्ये शहरात लष्कर उतरलं. उपासमारीने संप मोडला आणि लोक कमी पगारावर कामावर परतले. त्याच 1891 साली लिस्टर ‘लॉर्ड मॅशम’ झाला! पण त्या हरलेल्या संपातून ब्रॅडफर्डमध्ये कामगारांचं राजकारण उभं राहिलं. 1893 मध्ये तिथेच इंडिपेंडंट लेबर पार्टी स्थापन झाली. ज्या शहराशी तो असा वागला, त्याच शहराला त्याने कलादालनासाठी 40,000 पौंड दिले. 1904 मध्ये उघडलेल्या त्या दालनाला नाव स्वतःचं नाही, यंत्रमागाचा जनक कार्टराइटचं दिलं. 1906 मध्ये तो वारला.

गिरणी 1934 मध्ये विजेवर आली आणि 1992 मध्ये बंद पडली. 2000 साली अर्बन स्प्लॅश कंपनीने ती घेतली. रेशमाच्या गोदामात 131 फ्लॅट झाले, मखमलीच्या इमारतीच्या छतावर गोलाकार नवी घरं आली. माझा सेमिनार इथून सुरू होत होता. गिरणीत सगळे शाफ्ट आणि पट्टे वाफेच्या एका तालावर फिरायचे. घरांचं उलटं असतं. प्रत्येकाला आपला नळ, आपली उष्णता, आपला एक्झॉस्ट हवा. पाइप वर न्यायला उभे मार्ग काढायचे, दोन घरांमध्ये आग आणि आवाज अडवायचा. जाड दगडी भिंतीला आतून इन्सुलेशन लावलं की भिंत थंड पडते आणि खोलीतली वाफ तिथे पाणी होऊन बसते. त्यामुळे हवा खेळती ठेवावीच लागते.

हे सगळं मी सुट्टीत आजोबांना सांगितलं. ते लालबागच्या एका गिरणीत होते. 1982च्या संपानंतर पुन्हा कामावर गेले नाहीत. लिस्टरच्या यंत्रांबद्दल त्यांनी मान डोलवत ऐकलं. मग एवढंच विचारलं, की त्या घरांत संपावर गेलेल्यांची नातवंडं राहतात का?

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या रिपोर्टमध्ये हवेचा, पाण्याचा, उष्णतेचा हिशोब होता. हा प्रश्न कुठल्याच टेबलात नव्हता. सेमिनारच्या शेवटच्या स्लाइडवर मी तो तसाच लिहिला. सरांनी मार्क कापले नाहीत, पण वर्गात थोडा वेळ कोणी बोललं नाही.