शब्दांचा राखणदार : थॉमस ब्रिजेस

दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला तिएरा देल फुएगो हा बेटांचा समूह आहे. तेथील थंडगार खाड्यांतून होड्यांत फिरत जगणाऱ्या यामाना लोकांचे बोलणे तरुण डार्विनला भाषा म्हणण्याच्या योग्यतेचेही वाटले नव्हते. त्याच भाषेसाठी आयुष्य वेचणाऱ्या थॉमस ब्रिजेस ह्या इंग्रज मिशनऱ्याची ही कहाणी.

ब्रिजेसचा जन्म १८४२ च्या सुमाराचा. हे अनाथ मूल पुलावर सापडले, म्हणून त्याला हे आडनाव मिळाले असे सांगतात. डेस्पार्ड ह्या पाद्र्यांनी त्याला वाढविले व १८५६ मध्ये फॉकलंडमधील केपेल बेटावर नेले. १८५९ मध्ये वुलाइया येथे प्रार्थनेसाठी जमलेले मिशनचे लोक मारले गेले. एक स्वयंपाकी तेवढा वाचला. खचलेले डेस्पार्ड मायदेशी परतले, पण थॉमस मागेच राहिला. तेव्हा तो जेमतेम माझ्याच वयाचा, एकोणिसाच्या आसपासचा होता!

केपेलवर येणाऱ्या यामानांकडून तो त्यांची भाषा शिकला. तिला लिपी नव्हती, म्हणून त्याने एलिस ह्यांची ध्वनिलेखनपद्धती स्वीकारली. ह्या 'दरिद्री' भाषेत बर्फाला किमान पाच शब्द होते. किनाऱ्याला त्याहूनही अधिक, आणि बोलणारा कोठे उभा आहे त्यानुसार ते बदलत. १८७१ मध्ये तो पत्नीसह उशुआया येथे स्थायिक झाला. मेंढपाळ, पेरणी, द्राक्षमळे ह्यांनी भरलेले शुभवर्तमान शिंपले व सील ह्यांवर जगणाऱ्यांच्या भाषेत आणणे सोपे नव्हते. तरीही लूक १८८१ मध्ये, प्रेषितांची कृत्ये १८८३ मध्ये आणि योहान १८८६ मध्ये छापून झाले.

परंतु दैवदुर्विलास असा, की १८८४ मध्ये अर्जेंटिनाची जहाजे आली आणि पाठोपाठ गोवराची साथ पसरली. मिशनभोवती वसलेले यामाना पटापट दगावले. ज्यांच्यासाठी ग्रंथ सिद्ध झाला, तेच नाहीसे होऊ लागले. मिशनने लोकांना एकत्र आणले आणि त्या वस्तीतच रोग फैलावला, हे चरित्रकाराला झाकून ठेवता येणार नाही. १८८६ मध्ये ब्रिजेसने मिशन सोडले. पुढे हार्बर्टन येथे त्याने शेतवाडी उभारली. १८९८ मध्ये त्याचे निधन झाले.

भाषांतरासाठी जमविलेल्या सुमारे ३२,००० शब्दांचा त्याचा कोश मात्र टिकला. अनेक हातांतून फिरून तो १९३३ मध्ये ऑस्ट्रियात छापला गेला. यामाना मातृभाषा म्हणून बोलणाऱ्या शेवटच्या क्रिस्तिना काल्देरोन २०२२ मध्ये वारल्या. आज त्यांच्या वंशजांना पूर्वजांचे शब्द शोधावयाचे तर हा कोश हाताशी आहे.

मित्रहो, आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. माझ्या आजीच्या बोलीतील कितीतरी शब्द मला ग्रंथालयातील कोशांत सापडत नाहीत. ब्रिजेसचा धर्म माझा नाही, पण ऐकलेला शब्द टिपून ठेवण्याची त्याची निष्ठा मला शिरोधार्य वाटते. मी आजीच्या शब्दांची एक वही सुरू केली आहे.