दारूचा ‘थर्मामीटर’ बनवणारा डॉक्टर: कोण होते बेंजामिन रश?

दारूच्या बाटलीवरचा आरोग्याचा इशारा आज आपल्या सवयीचा झालाय. पण दारूने शरीराचं काय होतं, हे एका तक्त्यात मांडण्याचा प्रयत्न सव्वादोनशे वर्षांपूर्वीच झाला होता. तो करणारे डॉक्टर होते अमेरिकेचे बेंजामिन रश.

रश यांचा जन्म १७४६ चा, फिलाडेल्फियाजवळचा. वडील लहानपणीच गेले. एडिनबरामधून डॉक्टर होऊन ते परतले आणि वयाच्या तिशीत, १७७६ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांनी सही केली.

तेव्हा दारू म्हणजे औषध!

त्या काळी थंडी, थकवा, ताप या सगळ्यांवर उपाय म्हणून रम दिली जायची. सैनिकांच्या शिध्यातही ती असायची. युद्धात सैन्याचे डॉक्टर म्हणून काम केलेल्या रश यांना हे पटेना. १७८४ मध्ये त्यांनी कडक दारूच्या दुष्परिणामांवर पुस्तिका लिहिली. दारूचं व्यसन हा फक्त चारित्र्याचा दोष नाही, तो आजार आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

थर्मामीटरमध्ये काय होतं?

पुढे त्यांनी थर्मामीटरसारखा तक्ता तयार केला. सगळ्यात वर पाणी, त्यासमोर आरोग्य आणि दीर्घायुष्य. शून्याच्या खाली पंच, ग्रॉग आणि नीट मारलेली कडक दारू. जसजसं खाली यावं, तसतसे समोर आजार: सकाळी हात थरथरणं, कावीळ, अंगात पाणी साठणं, पक्षाघात. शेजारीच भांडण, चोरी, कर्ज, तुरुंग आणि शेवटी फाशी. एका नजरेत उतरण कळावी, अशी ही मांडणी होती.

सगळंच बरोबर होतं का?

नाही. जेवणासोबत थोडी वाइन किंवा बिअर त्यांना चालत होती. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत त्यांनी रुग्णांचं भरमसाठ रक्त काढलं; त्या उपचारावर तेव्हाही टीका झाली आणि आज तो घातक मानला जातो. आजार आणि गुन्हा एकाच तक्त्यात घातल्याने व्यसनी माणूस रुग्ण की गुन्हेगार, हा गोंधळही राहिला.

१८१३ मध्ये रश वारले. १८२६ मध्ये बोस्टनमध्ये अमेरिकन टेम्परन्स सोसायटी उभी राहिली आणि दारूबंदीच्या चळवळीने रश यांचं लिखाण उचलून धरलं. पुढे या चळवळीने वाइन-बिअरलाही नकार दिला.

तक्ता जुना झाला. पण व्यसनी माणसाला आधी डॉक्टरकडे न्यायचं की त्याला नावं ठेवायची, हा प्रश्न आपल्या घराघरांत अजूनही तसाच आहे.