माहेर नगरचे, सासर विजापूरचे

देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी राहिलेले सिन्नर पुढील काळात अहमदनगरच्या निजामशाहीत मोडू लागले. या निजामशाहीचे नाव निघताच मराठी वाचकाला आठवते ती चांदबिबी; खिंडार पडलेल्या तटावर तलवार घेऊन उभी राहिलेली. मात्र ही राणी घडली ती तिच्या नातेसंबंधांतून, आणि तिच्या आयुष्यातील बहुतेक पेचही त्यांतूनच निर्माण झाले.

तिचा जन्म सुमारे १५५० चा. वडील हुसेन निजामशहा, आई खुंजा हुमायूं. नगर आणि विजापूर यांच्यात सोलापूरच्या किल्ल्यावरून जुने वैर होते. या वैराचे मूळही एका लग्नातच सापडते. १५२४ मध्ये विजापूरची राजकन्या मरियम हिचा विवाह चांदबिबीचे आजोबा बुऱ्हाण निजामशहा यांच्याशी झाला. हुंड्यात सोलापूर द्यायचे ठरले होते. ते दिले गेले नाही आणि व्याह्यांत युद्ध जुंपले. पुढे दक्षिणेतील सुलतानांना विजयनगरविरुद्ध एकत्र येणे भाग पडले, तेव्हा त्याच सोलापूरचा हुंडा उलट दिशेने दिला गेला. सुमारे १५६४ मध्ये चांदबिबी अली आदिलशहाची राणी झाली, तर अलीची बहीण हदिया सुलताना चांदबिबीचा भाऊ मुर्तझा याला देण्यात आली. हे सरळसरळ साटेलोटे होते. चांदबिबीची बहीण जमालबिबी याच सुमारास गोवळकोंड्याच्या कुतुबशहाकडे गेली. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या रणांगणावर या सोयऱ्यांनी मिळून विजयनगरचा पराभव केला.

त्याच वर्षी हुसेनशहा वारला आणि अल्पवयीन मुर्तझाच्या नावाने खुंजा हुमायूंने कारभार हाती घेतला. १५६९ मध्ये मुलानेच आईला कैद केले. हुसेनशहाच्या गौरवार्थ लिहिलेल्या ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ या काव्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तिच्यातील चित्रांत शहाशेजारी बसलेल्या राणीची आकृती खरवडून काढलेली दिसते. सत्ता चालविणाऱ्या स्त्रीचे घरातच काय होऊ शकते, याचा धडा चांदबिबीला माहेरातूनच मिळाला असावा.

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. या दांपत्याला मूल नव्हते. अलीच्या भावाचा नऊ वर्षांचा मुलगा इब्राहीम गादीवर बसला आणि चुलती चांदबिबी त्याची पालक झाली. फ्रान्समध्ये त्याच शतकात कॅथरीन द मेदिची हिने राज्य सांभाळले ते पोटच्या मुलांसाठी. चांदबिबीपाशी तेवढाही हक्क नव्हता. सरदार किश्वरखान याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबले. तो पदच्युत झाल्यावरच तिची सुटका झाली.

१५८४ मध्ये पुतणी खदिजा हिचा विवाह भाचा मीरान हुसेन याच्याशी ठरला आणि नवरीसोबत चांदबिबी माहेरी आली. सासर-माहेर पुन्हा जोडण्याचा हा प्रयत्न होता. पण नगरचा वजीर सलाबतखान याने सोलापूर परत मिळाल्याखेरीज लग्न लावण्यास नकार दिला. पुढे १५८८ मध्ये मीरानने बापाला, म्हणजे मुर्तझाला, ठार केले. वर्षभरात त्याचाही खून झाला.

१५९५ मध्ये या सोयरिकीतील विसंगती टोकाला गेली. चांदबिबीचा दुसरा भाऊ बुऱ्हाण याचा मुलगा इब्राहीम निजामशहा विजापूरच्या फौजेशी लढताना मारला गेला. म्हणजे पुतण्याच्या सैन्याने भाच्याचा बळी घेतला. मागे उरले तान्हे बहादूर. वजीर मियाँ मंजूने भलत्यालाच गादीवर बसविले आणि मोगल शाहजादा मुराद याला मदतीस बोलाविले. तेव्हा बहादूरची बाजू घेऊन किल्ला लढविला तो या आतेआजीने. सुरुंगाने तट उडाला, तेव्हा ती स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला.

मात्र नगर केवळ या शौर्याने वाचले नाही. ज्याला तिने लहानपणी सांभाळले, त्या इब्राहीम आदिलशहाने सोहेलखानाच्या हाताखाली मोठी फौज रवाना केली होती आणि गोवळकोंड्याची कुमकही तिला मिळाली. ही बातमी पोहोचल्यावर मुराद तहाला तयार झाला. १५९६ च्या आरंभी वऱ्हाड देऊन नगर राखले गेले आणि बहादूरला मोगलांनी निजामशहा म्हणून मान्य केले. तीस वर्षांपूर्वीच्या विवाहाचा माहेरला झालेला हा सर्वांत मोठा लाभ म्हणावा लागेल.

१६०० मध्ये शाहजादा दानियालचा वेढा पडला. या वेळी विजापूरहून कोणी आले नाही. बहादूरला सुखरूप बाहेर काढून किल्ला सोपविण्याचा विचार तिने मांडला. ती मोगलांना फितूर झाल्याची आवई हमीदखानाने उठविली आणि जमावाने महालात शिरून तिला ठार केले. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली.

नगरजवळच्या डोंगरावरील तीन मजली अष्टकोनी वास्तूला लोक आजही चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती कबर आहे सलाबतखानाची. खदिजाच्या लग्नात सोलापूर मागणाऱ्या त्याच वजिराची.