पागेतली विद्या रिंगणात आणणारे विष्णुपंत छत्रे

पौड ओलांडून मुळशीच्या डोंगरात शिरले, की मुळा नदीचा उगम जवळ येतो. पुण्यात मुठेला भेटून ही नदी पुढे भीमेला मिळते. याच भीमेच्या आणि नीरेच्या खोऱ्यांत मराठ्यांचे भीमथडी घोडे वाढले. अंगाने ठेंगणे, दिसायला साधे, पण काटक. थोड्या चाऱ्यावर दिवसदिवस चालणारे आणि सह्याद्रीच्या खडकाळ वाटांवर पाय न चुकणारे. या घोड्यांच्या पाठीवर बसून मराठी फौजांनी अर्धा हिंदुस्थान पालथा घातला. १८१८ मध्ये पेशवाई संपली. पागा मोडल्या, शिलेदार आपापल्या गावी परतले आणि लढाईवर जाणारी घोडी ओझी वाहू लागली. परंतु घोडा पारखण्याची आणि त्याला वळण लावण्याची जी विद्या पिढ्यानपिढ्या जमा झाली होती, ती एका तहाने नाहीशी होणारी नव्हती. संस्थानिकांच्या तबेल्यांत तिने आसरा घेतला. काम गेले, पण विद्या उरली. या बेकार झालेल्या विद्येला नवे काम मिळवून देणारा मराठी माणूस म्हणजे भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत मोरेश्वर छत्रे.

गाणे आणि घोडा

विष्णुपंतांचे गाव अंकलखोप. सांगली जिल्ह्यातले, औदुंबर क्षेत्राला लागून असलेले कृष्णाकाठचे हे गाव. त्यांचा जन्म १८४० च्या सुमाराचा. पोथी, पंचांग किंवा संस्थानची कारकुनी हा त्या काळच्या ब्राह्मण घरातील मुलाचा ठरलेला मार्ग. विष्णुपंतांची ओढ मात्र दोन वेगळ्याच गोष्टींकडे होती. एक गाणे आणि दुसरा घोडा. या ओढीने ते तरुण वयातच उत्तरेकडे गेले आणि ग्वाल्हेरला पोहोचले.

त्या वेळचे ग्वाल्हेर म्हणजे या दोन्ही विद्यांचे माहेरघर. शिंद्यांच्या दरबारात हद्दूखाँसारखे ख्यालगायक होते, आणि त्याच गावात बाबासाहेब आपटे हे अश्वपरीक्षेतील नामांकित पुरुष होते. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात घोड्याची खरी पारख असलेली तीनच माणसे मानली जात: नानासाहेब पेशवे, झाशीच्या राणी लक्ष्मीबाई आणि बाबासाहेब आपटे. राणीच्या पारखीची एक कथा प्रसिद्ध आहे. एका सौदागराने दोन देखणे घोडे विकायला आणले. दोघेही सारखेच उमदे. राणीने दोघांवर रपेट केली आणि एकाची किंमत हजार रुपये, तर दुसऱ्याची केवळ पन्नास रुपये ठरविली. दुसऱ्याच्या छातीला आत मार बसलेला होता. सौदागराला ते कबूल करावे लागले. डोळ्यांना न दिसणारी दुखापत तिला बैठकीतून कळली होती.

ही कथा येथे सांगण्याचे कारण असे, की विष्णुपंत ज्या गुरूंजवळ शिकले ते आपटे याच परंपरेतले होते. या परंपरेत घोडा रंगरूपावरून पाहण्याची रीत होतीच. पंचकल्याणी कोणता, अबलख कोणता, कपाळावरचा भोवरा शुभ की अशुभ, याची चर्चा प्रत्येक तबेल्यात चाले. तथापि खरा जाणता माणूस घोड्याचा स्वभाव पाही. विष्णुपंतांनी हद्दूखाँकडून गाणे घेतले आणि आपट्यांकडून घोडा. पुढील सारे आयुष्य त्यांनी या दोन गुरूंच्या ऋणात काढले.

खोडीचा स्वभाव, स्वभावाची खोडी

ज्याने तबेल्यात दिवस काढले आहेत त्याला ठाऊक असते, की दोन घोडे कधीही सारखे नसतात. एक घोडा खोगिराचा तंग आवळताना पोट फुगवून धरतो आणि स्वाराची पाठ वळताच श्वास सोडून तंग सैल करून टाकतो. दुसरा तोबरा दिसला की पाय आपटून सारा तबेला जागा करतो. एखादा रणवाद्यांच्या गोंगाटात शांत उभा राहील, पण वाऱ्यावर हलणाऱ्या धोतराला बुजेल. एखादी घोडी एकाच मोतद्दाराच्या हातचा खरारा मानील आणि दुसऱ्याने हात लावला की कान मागे टाकील. शेजारच्या थानावरचा सोबती दिसेनासा झाला की खिंकाळून आकांत करणारे घोडे असतात, आणि सोबत्याचा दाणा हळूच ओढून खाणारे लबाडही असतात. अडेल तट्टू हा शब्द मराठीने माणसांसाठी वापरला तो उगाच नव्हे.

या खोड्यांमागे कारणे असतात. घोडा हा मुळात शिकार होणारा, म्हणजेच पळून जीव वाचविणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवार दिसते. मात्र अगदी नाकासमोरचे आणि नेमके पाठीमागचे दिसत नाही. म्हणून शहाणा मोतद्दार मागून जाताना आवाज देतो, पाठीवर हात ठेवून वळसा घालतो. घोड्याची स्मरणशक्ती मोठी पक्की. ज्या वळणावर एकदा भीती वाटली, तेथे तो बऱ्याच काळानंतरही बिचकतो आणि ज्या हाताने गूळ दिला तो हातही विसरत नाही. अशा प्राण्याला केवळ चाबकाने वळविता येत नाही. चाबकाला भिऊन तो चालेल, पण त्याच्यावर विसंबून कोणी पाठीवर उभे राहू शकणार नाही.

आणि पाठीवर उभे राहणे हेच तर विष्णुपंतांचे कौशल्य होते. उत्तरेतून परतल्यावर त्यांना कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानात आश्रय मिळाला. संस्थानचा तबेला त्यांच्या ताब्यात आला. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळच्या त्या लहानशा राजधानीत ते घोडे तयार करू लागले आणि दरबारी समारंभांत त्यांवरील कसरती दाखवू लागले.

इटालियन माणसाचे बोल

१८७९ च्या सुमारास ज्युसेप्पे किआरिनी या इटालियन माणसाची ‘रॉयल इटालियन सर्कस’ मुंबईत आली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशी मुलूखगिरी केलेला हा मातब्बर खेळिया. स्वतः अश्वविद्येत निपुण. कुरुंदवाडच्या अधिपतींबरोबर विष्णुपंतही त्याचा खेळ पाहण्यास गेले होते. हिंदुस्थानाला स्वतःची सर्कस नाही आणि ती उभी राहण्यास अजून बराच काळ लागेल, असे उद्गार किआरिनीने काढले, असे परंपरेने सांगितले जाते. विष्णुपंतांना ते बोल झोंबले. किआरिनीचे घोड्यांचे खेळ आपण करून दाखवू, असे त्यांनी मनाशी ठरविले.

या ईर्ष्येमागे केवळ मानापमान नव्हता, हे ध्यानात घेतले पाहिजे. सर्कशीचा आत्मा घोडाच आहे. लंडनमध्ये १७६८ मध्ये फिलिप अॅस्टली या निवृत्त घोडेस्वाराने गोल रिंगणात अश्वकौशल्ये दाखविण्यास आरंभ केला आणि त्यातून आधुनिक सर्कस जन्मली. सर्कशीचे रिंगण आजही सुमारे ४२ फूट, म्हणजे १३ मीटर व्यासाचे असते. त्या वर्तुळात घोडा एकसारख्या चालीने दौडू लागला, की पाठीवर उभा असलेला माणूस आत झुकून तोल साधू शकतो. चाल जराही बिघडली तर तोल गेलाच. म्हणजे दिसते माणसाची करामत, पण तिचा निम्मा भार घोड्याच्या संयमावर असतो.

हे रिंगण विष्णुपंतांना परके नव्हते. घोड्याला गोल फिरवून वळण लावण्याच्या रीतीला मराठीत कावा असा स्वतंत्र शब्दच आहे. मराठी पागांत कोवळी शिंगरे काव्यावर धरूनच तयार केली जात. ज्या वर्तुळात आपले पूर्वज रणांगणासाठी घोडे घडवीत होते, तेच वर्तुळ किआरिनीच्या तंबूत दिव्यांनी उजळले होते, तिकीट लावून दाखविले जात होते. ते पाहून त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

२० मार्च १८८० रोजी विष्णुपंतांच्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ निवडक प्रेक्षकांपुढे झाला. घोड्यांची कामे स्वतः विष्णुपंतांची होती. त्यांच्या पत्नीने उंच झोक्यावरील कसरती केल्या आणि जनावरांचे खेळही दाखविले. स्त्रीने चारचौघांत येणे जेथे निंद्य मानले जाई, त्या काळात ही गोष्ट घोड्याच्या पाठीवर उभे राहण्याहून कमी धाडसाची नव्हती.

बिथरलेल्या गायकाची सोबत

सर्कस उत्तर हिंदुस्थानात फिरली, मद्रासकडे गेली, समुद्र ओलांडून सिलोनलाही पोहोचली. केरळातील तलश्शेरी येथे विष्णुपंतांची गाठ कीलेरी कुंजीकण्णन या कसरतपटूशी पडली. त्यांच्या आग्रहावरून कुंजीकण्णन यांनी सर्कशीसाठी मुले तयार करण्याचे काम अंगावर घेतले. १९०१ मध्ये त्यांनी चिरक्करा येथे काढलेल्या शाळेतून पुढे देशभरच्या सर्कशींना कलावंत मिळाले. इकडे कृष्णाकाठी देवल, माळी, कारलेकर अशा सर्कशींची मालिकाच उभी राहिली. सांगली, तासगाव, म्हैसाळ हा टापू सर्कशीचे माहेर म्हणून ओळखला जाऊ लागला.

विष्णुपंतांच्या चरित्रातील सर्वांत हृद्य प्रकरण मात्र रिंगणाबाहेरचे आहे. हद्दूखाँ निवर्तल्यावर त्यांचे पुत्र रहिमतखाँ अफूच्या आहारी जाऊन, भ्रमिष्टासारखे बनारसमध्ये हिंडत होते. विष्णुपंतांना ते भेटले. गुरुपुत्राची ती अवस्था पाहून त्यांनी त्यांना उचलून आपल्याजवळ आणले. अन्न, वस्त्र, निवारा दिला. गाण्याच्या बैठका लावल्या. सर्कशीच्या मुक्कामांबरोबर रहिमतखाँही गावोगाव फिरू लागले आणि ज्यांना वेडे समजून लोकांनी टाकले होते, त्यांना रसिक भूगंधर्व म्हणू लागले.

रहिमतखाँ लहरी होते. मन लागले तर स्वर्गीय गात, नाही लागले तर कोणाचे ऐकत नसत. अशा माणसाला धाक दाखवून गाववता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. त्याची लहर ओळखावी, वेळ पाहावी, त्याला सुरक्षित वाटू द्यावे, एवढेच करता येते. तबेल्यात जन्म काढलेल्या विष्णुपंतांना हे शिकविण्याची गरज नव्हती. बुजऱ्या घोड्याला जी सबुरी लागते, तीच त्यांनी गुरुपुत्राला दिली. १९०५ मध्ये विष्णुपंतांचे निधन झाले. त्यानंतर काशिनाथपंत छत्रे यांनी ही जबाबदारी सांभाळली आणि १९२२ मध्ये रहिमतखाँनी कुरुंदवाड येथेच देह ठेवला. त्यांच्या मोजक्या ध्वनिमुद्रिका आजही उपलब्ध आहेत. अब्दुल करीमखाँसारख्या थोर गायकावर त्यांच्या गायकीचा ठसा उमटला. एका सर्कसवाल्याने सांभाळले नसते, तर हा स्वर बनारसच्या गल्ल्यांतच विरून गेला असता.

तंबू उतरल्यानंतर

सर्कशीतील जनावरांचे जिणे सुखाचे होते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पिंजरे, आगगाडीचे लांब प्रवास आणि रोजचा गोंगाट यांची किंमत मुक्या जिवांनी मोजली. १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबटे, अस्वले आणि माकडे यांच्या खेळांवर बंदी आली. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. त्या यादीत घोडा नव्हता. तरीही बंदीनंतरच्या काळात सर्कशीचे तंबूच एकेक करून उतरत गेले आणि त्यांबरोबर रिंगणातला घोडाही दिसेनासा होऊ लागला. विष्णुपंतांनी शोधून दिलेले काम अशा रीतीने सव्वाशे वर्षांत संपत आले.

भीमथडी घोडा मात्र अजून पूर्णपणे गेलेला नाही. बारामती, फलटणकडील धनगरांचे वाडे चाऱ्यासाठी फिरतीवर निघतात, तेव्हा त्यांच्या मेंढरांमागून हे ठेंगणे घोडे चालत असतात. पाठीवर भांडीकुंडी, वाकळा, कधी कोंबड्या, तर कधी नुकतेच जन्मलेले कोकरू. अलीकडे या घोड्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंदही झाली आहे. घोड्यावर हा संसार लादण्याचे काम बहुधा वाड्यातील बायकांकडे असते. कोणती घोडी ओढ्याशी अडते, कोणती तंग आवळताना पोट फुगवते आणि कोणती फक्त म्हातारीचेच ऐकते, हे त्यांना बिनचूक ठाऊक असते. विष्णुपंत त्या वाड्यावर गेले असते, तर ही माहिती त्यांनी मन लावून ऐकली असती.