विश्लेषण : वाळू सैल की घट्ट, हे ठोक्यांवरून कसे कळते? ‘सॉइल मेकॅनिक्स’चे जनक कार्ल टर्झागी कोण होते?

इमारतीचे काम सुरू होण्याआधी प्लॉटवर लोखंडी तिपाई उभी राहते. दोरीने वजन वर जाते आणि धाडकन आदळते. ही बोअरवेल नसते. जमिनीत पोलादी नळी शिरायला किती ठोके लागतात, हे तिथे मोजतात. या ठोक्यांना अर्थ देणाऱ्यांत प्रमुख नाव कार्ल टर्झागी यांचे.

टर्झागी कोण होते?

जन्म २ ऑक्टोबर १८८३, प्राग. ग्राझमध्ये ते शिकले मेकॅनिकल इंजिनीअरिंग, पण रमले बांधकामात. पाया खचण्याची कारणे शोधायला १९१२ मध्ये ते अमेरिकेत गेले, धरणांच्या जागा पालथ्या घातल्या आणि निराश होऊन परतले. नोंदींत मातीची नावे होती. पण एकाच नावाची माती दोन ठिकाणी वेगळी वागत होती.

१९१६ पासून ते इस्तंबूलमध्ये शिकवू लागले. तिथे सिगारच्या खोक्यांसारख्या साध्या वस्तूंतून उपकरणे बनवून त्यांनी वाळूचा आणि चिकणमातीचा अभ्यास केला. १९२५ मध्ये आलेल्या त्यांच्या जर्मन ग्रंथापासून ‘सॉइल मेकॅनिक्स’ हे स्वतंत्र शास्त्र मानले जाते.

वाळूत पोकळी किती असते?

एकसारख्या गोट्या डब्यात सैल रचल्या तर सुमारे ४८ टक्के जागा रिकामी राहते. घट्ट बसवल्या तर २६ टक्के. वाळूचेही तसेच. सैल वाळूत नळी घुसताना कण रिकाम्या जागेत सरकतात. घट्ट वाळूत सरकायला जागा नसते. कणांना एकमेकांवर चढावे लागते, म्हणून विरोध वाढतो.

पोकळीत पाणी असेल तर त्याचा दाब कणांमधली पकड कमी करतो. वाळूची ताकद कणांच्या परस्परांवरील दाबातून येते, पाण्याच्या दाबातून नाही. टर्झागींचा हा ‘इफेक्टिव्ह स्ट्रेस’चा सिद्धांत आजही पाठ्यपुस्तकांचा पाया आहे.

ठोके कसे मोजतात?

६३.५ किलोचा हातोडा सुमारे ७५ सेंटिमीटरवरून पाडतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढच्या ३० सेंटिमीटरला लागलेले ठोके म्हणजे ‘एन’ मूल्य. टर्झागी आणि राल्फ पेक यांच्या १९४८ च्या पुस्तकातील वर्गवारी अशी :

• ४ पेक्षा कमी : अतिसैल
• ४ ते १० : सैल
• १० ते ३० : मध्यम
• ३० ते ५० : घट्ट
• ५० पेक्षा जास्त : अतिघट्ट

मात्र आकडा फसवूही शकतो. पाण्याखालच्या घट्ट, बारीक वाळूत ठोके प्रमाणाबाहेर वाढतात. त्यामुळे १५ च्या वरचे ठोके निम्मेच धरावेत, असे दोघांनी सुचवले. खोलीनुसारही ठोके वाढतात. भारतातही ही चाचणी आयएस २१३१ या मानकानुसार होते.

हे दुर्लक्षिले तर?

टर्झागींचे २५ ऑक्टोबर १९६३ रोजी अमेरिकेत निधन झाले. आठ महिन्यांतच, १६ जून १९६४ रोजी जपानच्या निगाता शहरात भूकंप झाला. पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्यांनी पातळ झाली आणि अपार्टमेंटच्या इमारती जवळपास अखंड अवस्थेत कलंडल्या. बांधकाम मजबूत होते. खालची वाळू सैल होती. म्हणून माती परीक्षणाचा अहवाल हाती आला, तर ‘एन’ मूल्य आणि भूजल पातळी हे दोन आकडे एकत्रच वाचावेत.