स्वसंस्कृतीचा डोळस अभिमानी : एडमंड बर्क

इतिहासाच्या तासाला एडमंड बर्क याचें नांव विद्यार्थ्यांच्या कानांवरून जातें तें बहुधा वॉरन हेस्टिंग्जवरील खटल्याच्या निमित्तानें. एक ओळ पाठ होते, परीक्षेंत ती लिहिली जाते, आणि तेथेंच त्या गृहस्थाशीं असलेला आपला संबंध संपतो. आमच्या मतें त्याची ओळख याहून पुष्कळ अधिक करून घेण्यासारखी आहे. पाश्चात्य समाजाची स्तुति करणारे आणि निंदा करणारे, दोन्ही पक्ष आपल्याकडे भरपूर आहेत. परंतु त्याच समाजांत राहून, त्याच्या परंपरेवर मनापासून प्रेम करून, त्या प्रेमापोटींच आपल्या लोकांना न्यायासनासमोर उभें करणारा पुरुष विरळा. बर्क हा असा होता.

त्याचा जन्म इ. स. १७२९ च्या सुमारास आयर्लंडमधील डब्लिन शहरीं झाला. वडील वकिली करीत. ते राजमान्य प्रॉटेस्टंट पंथाचे होते. आई मेरी नेगल ही मात्र कॉर्क परगण्यांतील कॅथॉलिक घराण्यांतली. त्या काळीं आयर्लंडांत कॅथॉलिकांविरुद्ध मोठे जाचक कायदे होते. त्यांना मताचा अधिकार नव्हता, सरकारी अधिकाराची जागा मिळत नसे, जमीन विकत घेण्याची मोकळीक नव्हती; आणि देशांत बहुसंख्या तर त्यांचीच! मुलगे बापाच्या पंथाचे व मुलगी आईच्या पंथाची, अशा घरांत बर्क लहानाचा मोठा झाला. एका पंगतीला जेवणाऱ्या माणसांपैकीं एकाला कायदा माणूस समजतो व दुसऱ्याला नाहीं, हें त्यानें घरच्या घरींच पाहिलें. पुढें त्याला बॅलिटोर नांवाच्या खेड्यांतील शाळेंत पाठविण्यांत आलें. तेथील गुरु अब्राहम शॅकल्टन हे क्वेकर, म्हणजे आणखी तिसऱ्याच पंथाचे! या गुरूंविषयीं बर्कला जन्मभर आदर वाटला. गुरुपुत्र रिचर्ड याच्याशीं शाळेंत जडलेली मैत्री तर त्यानें पार्लमेंटचा मोठा वक्ता झाल्यावरही सोडली नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी. शाळा सुटतांच सोबत्यांना विसरणें फार सोपें असतें.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत त्याचा अभ्यास झाला. तेथें त्यानें व त्याच्या मित्रांनीं १७४७ सालीं एक वादविवाद मंडळ काढलें. नंतर वडिलांच्या इच्छेप्रमाणें तो कायदा शिकण्यासाठीं लंडनला गेला, पण त्याचें चित्त कायद्याच्या पुस्तकांत रमेना. वडील रागावले. बर्कनें लेखणीवर पोट भरण्याचें ठरविलें. १७५७ सालीं सौंदर्य व भव्यता या विषयांवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं त्यानें जेन न्यूजंट या डॉक्टरच्या मुलीशीं विवाह केला. वर्षभरांतील घडामोडींचा वृत्तांत देणारें एक वार्षिक पुस्तक तो पुढें कित्येक वर्षें संपादन करीत असे. त्याबद्दल त्याला सालीना शंभर पौंड मिळत. डॉक्टर जॉन्सन, चित्रकार रेनॉल्ड्स, गोल्डस्मिथ अशा मंडळींचा जो प्रसिद्ध क्लब १७६४ सालीं निघाला, त्यांत बर्क पहिल्यापासून होता. संभाषणांत कोणालाही हार न जाणारे जॉन्सनसाहेब बर्कला मात्र मानीत.

१७६५ सालीं तो पार्लमेंटांत शिरला. इंग्लंडचा राज्यकारभार, तेथील कायदा, राजाच्या सत्तेला घातलेला बांध, पार्लमेंटचे हक्क या सर्वांविषयीं त्याला वाटणारा आदर समजून घेतल्यावांचून बर्क समजत नाहीं. त्याच्या मतें हीं कोणा एका पंडितानें एका रात्रींत रचलेलीं तत्त्वें नव्हतीं. १२१५ सालच्या मोठ्या सनदेपासून १६८९ च्या हक्कांच्या कायद्यापर्यंत पिढ्यानुपिढ्या झगडून, चुकून, सुधारून तीं मिळविलेलीं होतीं. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर तें वडिलार्जित वतन होतें. वतनाच्या वाड्याचें छप्पर गळूं लागलें तर तें शाकारावें, भिंत खचली तर ती सावरावी. पण वाडा विकूं नये आणि पेटवून तर मुळींच देऊं नये, कारण तो आपल्या एकट्याचा नसून मागच्यांचा व पुढच्यांचाही आहे.

अमेरिकेंतील वसाहतींवर कर बसविण्याचा प्रश्न निघाला तेव्हां हाच विचार त्यानें मांडला. कर बसविण्याचा हक्क आहे कीं नाहीं, हा काथ्याकूट करण्यापेक्षां तो बसविणें शहाणपणाचें आहे काय, हें पाहावें, असा त्याचा आग्रह होता. स्वातंत्र्याची आवड अमेरिकेंतील लोक इंग्लंडकडूनच शिकले. तीच त्यांच्यांत दिसतांच त्यांना बंडखोर कसें म्हणावें? मार्च १७७५ मध्यें त्यानें समेटासाठीं मोठें भाषण केलें. तें कोणीं ऐकलें नाहीं. दुसऱ्याच महिन्यांत युद्धाला तोंड लागलें.

ब्रिस्टल या व्यापारी शहरानें त्याला १७७४ सालीं निवडून दिलें होतें. निवडून येतांच त्यानें मतदारांना स्वच्छ सांगितलें कीं, तुमच्यासाठीं मी कष्ट करीन, पण माझी विवेकबुद्धि तुमच्या हातीं देणार नाहीं. हें बोलणें त्याला महागांत पडलें. आयर्लंडच्या व्यापारावरील बंधनें सैल करावीं आणि कॅथॉलिकांवरील कायदे सौम्य करावे, यासाठीं तो झटला. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना यांतली पहिली गोष्ट खपली नाहीं, आणि दुसरीही पुष्कळांना रुचली नाहीं. १७८० सालीं निवडून येण्याची आशा नाहीं असें दिसतांच तो मैदानांतून बाजूला झाला. पुढें दुसऱ्या एका लहान मतदारसंघांतून त्याला जागा मिळाली.

यानंतरची एक हकीगत आम्हां मराठी वाचकांना विशेष जवळची आहे. राघोबादादांचें नांव निघालें कीं आपल्या कपाळाला आठी पडते. बारभाईंशीं भांडून ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले, हें कोण विसरेल? पण त्यांचा वकील हणमंतराव नांवाचा ब्राह्मण १७८१ सालीं मदत मागण्यासाठीं खुद्द लंडनला गेला होता. सोबत पारशी गृहस्थ होते. परक्या थंड देशांत, आचार पाळणाऱ्या ब्राह्मणाचे जेवणाखाणाचे जे हाल झाले असतील त्यांची कल्पना आमच्या घरांतील वडील माणसांना सहज येईल. राजधानींत त्यांची नीट विचारपूस कोणी करीना. बर्कला हें कळतांच त्यानें त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या मळ्यावर नेलें आणि फुलझाडें ठेवण्याचें कांचेचें मोठें घर त्यांना मोकळें करून दिलें. तेथें त्यांनीं आपल्या रीतीनें स्वयंपाक करावा, आपले धर्माचार पाळावे, कोणीं त्यांत ढवळाढवळ करूं नये, अशी व्यवस्था त्यानें ठेविली. ज्याच्या आईचा धर्म कायद्याला मान्य नव्हता, त्याला पाहुण्याच्या सोंवळ्याची किंमत कळली, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

त्याच सुमारास बंगालच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितींत बर्क काम करीत होता. कागदपत्रांचे ढीग त्यानें वाचून काढले. वॉरन हेस्टिंग्ज याच्या कारभारांतील रोहिल्यांवरील युद्ध, काशीच्या चेतसिंगाकडून उकळलेला पैसा, अयोध्येच्या बेगमांचा लुबाडलेला खजिना, हें सर्व वाचून त्याचें मन पेटलें. १३ फेब्रुवारी १७८८ रोजीं वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें खटला सुरू झाला. बर्कचें आरंभींचें भाषण चार दिवस चाललें. हेस्टिंग्जच्या बाजूनें असें सांगण्यांत येई कीं, पूर्वेकडील देशांत अरेरावी हीच रीत आहे, तेथें इंग्लंडचीं मापें लावूं नयेत. बर्क याच मुद्द्यावर तुटून पडला. न्यायनीति रेखांशांप्रमाणें बदलत नाहीं, केप ओलांडतांच माणसाचें कर्तव्य समुद्रांत बुडत नाहीं, हें त्यानें परोपरीनें मांडलें. शिवाय हिंदूंना त्यांचें धर्मशास्त्र आहे, मुसलमानांना त्यांचा शरा आहे, आणि दोन्ही राजाच्या मनमानीला लगाम घालतात, हेंही त्यानें दाखविलें. स्वतःच्या संस्कृतीचा खरा अभिमान असल्यामुळेंच त्याला दुसऱ्याच्या संस्कृतींतील मर्यादा ओळखतां आल्या, असें आम्हांस वाटतें.

येथें पक्षपात करणें मात्र बरें नव्हे. हेस्टिंग्ज कांहीं निव्वळ राक्षस नव्हता. चार्ल्स विल्किन्स यानें केलेलें भगवद्गीतेचें पहिलें इंग्रजी भाषांतर १७८५ सालीं छापलें गेलें तें त्याच्याच उत्तेजनानें. बर्कची जीभ पुष्कळदां तोल सोडी. एकदां तर खुद्द पार्लमेंटनेंच त्याला समज दिली. त्याच्या आप्तांनीं कंपनीच्या शेअरांच्या सट्ट्यांत पैसा घातला होता, त्याचाही उल्लेख त्याचे शत्रु करीत. आणि इंग्रजांनीं हिंदुस्थान सोडून जावें, असें तो कधींही म्हणाला नाहीं. राज्य ही ठेव समजून तें चालवावें, एवढेंच त्याचें म्हणणें. खटला सात वर्षें रेंगाळला. लोकांची उत्सुकता आटली. २३ एप्रिल १७९५ रोजीं हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. पण कंपनीच्या गव्हर्नर जनरलला आपल्या कृत्यांचा जाब सात वर्षें द्यावा लागला, ही गोष्ट तेथून पुढें कोणाला पुसतां आली नाहीं.

मध्यंतरीं १७८९ सालीं फ्रान्समध्यें राज्यक्रांति झाली. इंग्लंडांतील पुष्कळ सुधारक आनंदानें नाचूं लागले. बर्कनें मात्र १७९० च्या नोव्हेंबरांत तिच्यावर कडक टीकेचा ग्रंथ लिहिला. जुना वाडा दुरुस्त न करतां हे लोक तो पाडीत आहेत, आणि शेवटीं एखादा लोकप्रिय सेनापति सर्वांचा धनी होईल, असें भाकित त्यानें केलें. नेपोलियननें १७९९ सालीं तें खरें केलें. असें असूनही या ग्रंथांत एक मोठी उणीव आहे. राणीच्या दुःखानें विव्हळणाऱ्या लेखकाला फ्रान्समधील उपाशी शेतकऱ्याचें दुःख तितकेंसें दिसलें नाहीं. मेरी वुल्स्टनक्राफ्ट व टॉमस पेन यांनीं त्याला सडेतोड उत्तरें दिलीं तीं याच कारणानें. काशी-अयोध्येचे अश्रु ज्याला सातासमुद्रांपलीकडून दिसले, त्याला शेजारचे दिसूं नयेत, याचें आम्हांस आजही कोडें वाटतें.

या मतभेदानें त्याचा जुना स्नेही चार्ल्स फॉक्स दुरावला. ६ मे १७९१ रोजीं भर पार्लमेंटांत बर्कनें मैत्री संपल्याचें सांगितलें, तेव्हां फॉक्सच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहूं लागलें. बर्क द्रवला नाहीं. १७९४ च्या जूनमध्यें खटल्यांतील शेवटचें भाषण नऊ दिवस करून त्यानें पार्लमेंट सोडलें. आपली जागा एकुलता एक जिवंत राहिलेला मुलगा रिचर्ड याला मिळाली, याचा त्याला आनंद झाला. पण ऑगस्टांत तोच मुलगा क्षयानें वारला. म्हाताऱ्या बापाचा आधारच तुटला.

तरीही तो हातपाय गाळून बसला नाहीं. १७९६ सालीं बीकन्सफील्डजवळ पेन या गांवीं, फ्रान्समधून परागंदा झालेल्या कुटुंबांतील मुलांसाठीं त्यानें शाळा काढली. सरकारकडून पैसा मिळविण्यापासून मुलांच्या पोषाखापर्यंत सर्व गोष्टींकडे तो जातीनें लक्ष पुरवी, आणि वरचेवर मुलांना पाहावयास जाई.

९ जुलै १७९७ रोजीं त्याचें देहावसान झालें. शेवटल्या दुखण्यांत फॉक्स भेटीस येऊं इच्छीत होता. बर्कनें पत्नीकरवीं नकार कळविला. वेस्टमिन्स्टरच्या मंदिरांत त्याला थोरांच्या शेजारीं पुरावें, अशी सूचना फॉक्सनेंच केली. पण बर्कनें मृत्युपत्रांत साधेपणानें गांवींच पुरण्याविषयीं लिहून ठेविलें होतें. बीकन्सफील्डच्या चर्चमध्यें, मुलाच्या व भावाच्या शेजारीं त्याला पुरण्यांत आलें. हणमंतरावाला आश्रय देणाऱ्या यजमानाचें तें घर १८१३ सालीं आगींत जळून गेलें.