योगायोगाची कसोटी पाहणारा वेधशाळाप्रमुख

तापी आणि गोमाई यांच्या संगमावर वसलेल्या प्रकाशा या गावाला खानदेशात दक्षिण काशी म्हणतात. गुरू सिंह राशीत आला की, म्हणजे सुमारे बारा वर्षांनी, येथे सिंहस्थाची यात्रा भरते. आकाशातील त्या फेऱ्याचा हिशेब शतकानुशतके चुकलेला नाही. परंतु त्याच आकाशातून पडणाऱ्या पावसाचा फेरा कोणता, हे मात्र या गावातील कोणत्याही पिढीला नेमके सांगता आलेले नाही. पावसालाही असा एखादा नियम असेल काय, आणि सापडलेला नियम खरा की केवळ योगायोग हे कसे ओळखावे, या प्रश्नांना ज्या माणसाने आपल्या आयुष्याची वीस वर्षे दिली, ते सर गिल्बर्ट वॉकर आज वादळांच्या आणि दुष्काळाच्या बातम्यांतून नावापुरतेच उरले आहेत.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे झाला. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते १८८९ साली सर्वप्रथम आले. बूमरँग फेकल्यावर परत का येतो, याचे गणित मांडण्याचा त्यांना छंद होता. हवामानशास्त्राचे शिक्षण मात्र त्यांनी घेतलेले नव्हते. अशा माणसाची हिंदुस्थानच्या हवामान खात्याच्या प्रमुखपदी १९०४ साली नेमणूक व्हावी, यामागे एक दारुण अपयश होते. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८६ पासून हिमालयातील बर्फावरून मान्सूनचे अंदाज देण्यास प्रारंभ केला होता. त्यांच्यामागून आलेल्या जॉन इलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि त्याच वर्षी पावसाने देशाच्या मोठ्या भागाकडे पाठ फिरवली. विक्रम संवत १९५६ चा म्हणून गुजरातेत छप्पनिया या नावाने ओळखला गेलेला तो दुष्काळ खानदेशानेही भोगला. भाकिताने दुष्काळ आणला नव्हता, हे खरे; परंतु धान्यसाठे, सारावसुली आणि दुष्काळी कामे यांचा विचार ज्यावर अवलंबून असावा, तो आधारच पोकळ निघाला. पुढे काही काळ सरकारने भाकिते गोपनीय ठेवली.

वॉकर यांनी तर्कवितर्क बाजूला ठेवून आकड्यांची वाट धरली. कार्ल पिअर्सन यांनी रूढ केलेला सहसंबंध गुणांक हे त्यांचे मुख्य हत्यार होते. दोन राशी बरोबरीने वाढत असतील तर हा गुणांक अधिक एककडे झुकतो, एक वाढताना दुसरी घटत असेल तर उणे एककडे, आणि दोहोंत सरळ रेषेतील नाते नसेल तर तो शून्याजवळ राहतो. हिमालयातील बर्फ, मॉरिशस आणि दक्षिण अमेरिका येथील वायुभार, झांजीबारचा पाऊस अशा दूरदूरच्या राशी त्यांनी हिंदुस्थानच्या पावसाशी ताडून पाहिल्या. यंत्रगणकाच्या आधीच्या त्या काळात ही अगणित गुणाकार-भागाकारांची रास सिमल्याच्या कचेरीत हिंदी कारकुनांनी हाताने उपसली. जगाच्या हवामानशास्त्रातील एक मोठा शोध या कारकुनांच्या वह्यांवर उभा आहे, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

बऱ्हाणपूरकडे पाऊस कोसळला की प्रकाशा येथे तापीचे पाणी चढते. या नात्याचे कारण डोळ्यांना दिसते. झांजीबारच्या पावसाचे आणि खानदेशातल्या बाजरीचे नाते डोळ्यांना दिसत नाही. तेथे आकड्यांचीच साक्ष घ्यावी लागते आणि साक्षीदार खोटा असू शकतो. वॉकर यांचे मोठेपण येथे आहे. पंचवीस वर्षांच्या आकड्यांवरून ०.४ इतका गुणांक आला, तर आजच्या रूढ कसोटीनुसार तो जेमतेम सार्थक ठरतो. म्हणजे वस्तुतः नाते नसताना तितका मोठा गुणांक निघण्याचा संभव शंभरात पाचांहून किंचित कमी असतो. पण ही कसोटी आधीच निश्चित केलेल्या एका जोडीसाठी आहे. पन्नास निरर्थक राशी ताडून पाहिल्या आणि त्यांतील सर्वांत मोठा गुणांक उचलला, तर तो निव्वळ योगायोगाने ०.४५ च्या पुढे जाण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो. जो शेकडो दारे ठोठावतो त्याला कोठे तरी ओ मिळणारच. १९१४ साली वॉकर यांनी नेमकी हीच अडचण मांडली आणि जितक्या राशी तपासल्या तितकी कसोटी कडक केली पाहिजे, असा निकष गणिताने सिद्ध करून दिला. हवामानातील चक्रांच्या शोधालाही त्यांनी हाच निकष लावला. सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र पावसाचे रहस्य उलगडील, अशी अनेकांना मोठी आशा होती. वॉकर यांच्या तपासणीत ते नाते फारच दुबळे ठरले.

माणसांची पारखही त्यांनी अशीच केली. १९१३ साली मद्रासच्या भेटीत त्यांनी बंदर कचेरीतील एका कारकुनाचे गणित पाहिले आणि त्याला विद्यापीठाने आधार द्यावा, अशी शिफारस केली. श्रीनिवास रामानुजन यांना दरमहा पंचाहत्तर रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती मिळण्यात या शिफारशीचा वाटा होता.

एवढी सावधगिरी बाळगूनही मान्सूनने वॉकर यांना हुलकावणीच दिली. त्यांच्या सूत्रांतील कित्येक नाती पुढील दशकांत क्षीण झाली. मात्र त्या खटाटोपात दुसरेच काही हाती लागले. प्रशांत महासागरावरील वायुभार चढतो तेव्हा हिंदी महासागरावरील उतरतो, आणि उलटही घडते, हा विराट हेलकावा त्यांना आकड्यांत दिसला. १९२४ साली त्यांनी त्याला दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. त्याच वर्षी ते निवृत्त झाले, मायदेशी जाऊन लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले आणि ४ नोव्हेंबर १९५८ रोजी निवर्तले. या नात्यामागील कारण त्यांच्या हयातीत कोणी सांगू शकले नाही. १९६९ साली याकोब बियर्कनेस यांनी त्या आंदोलनाचा संबंध पूर्व प्रशांत महासागराच्या तापण्याशी, म्हणजे एल निनोशी, जोडला आणि तेथील वायुचक्राला वॉकर यांचे नाव दिले.

त्यांचा इशारा मात्र आजही तितकाच लागू आहे. २००२ साली सोळा घटकांवर आधारलेल्या सूत्राने सामान्य पावसाचे भाकीत केले. प्रत्यक्षात पाऊस सुमारे एकोणीस टक्के कमी पडला. एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच, असे समजावे तर १९९७ साली प्रबळ एल निनो असूनही देशात पाऊस सर्वसाधारण झाला. सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हा धडा महाविद्यालयात पाठ केला जातो. सापडलेला सहसंबंध किती निष्फळ प्रयत्नांनंतर सापडला, हा त्याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आता यंत्राच्या साहाय्याने क्षणार्धात हजारो गुणांक काढता येतात. त्यामुळे योगायोगाने फसण्याची सोयही हजारपटीने वाढली आहे. आपल्याला हवे असलेले उत्तर समोर आले असताना ते पुन्हा तपासून पाहण्याचे धैर्य ज्याच्यापाशी असेल, त्याच्याच आकड्यांवर शेतकऱ्याने आपली पेरणी सोपवावी.